उष्टे सेल

शिवम्मा गिरणीवाली म्हणा, भजनवाली म्हणा, न्हाईतर रेणापुरातले काही शहाणे तोंड वाकडं करून म्हणतात तशी 'चार्जिंगवाली' म्हणा. बाई एकच हाय. मी तिची मैत्रीण, उमाबाई. तिच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते, म्हणजे तिच्या भाषेत सांगायचं तर ताल चुकवते. माझं बोलणं जरा तिखट हाय, त्याला इलाज न्हाई. ज्याला गोड पाहिजे त्यानं दुसऱ्याकडून ऐकावं. पण ही हकीकत खरीखुरी सांगणारी दुसरी कोणी मिळायची न्हाई, कारण त्या दिवशी तिच्या बाजूला मी एकटीच उभी होते. बाकीच्या मागं सरकल्या होत्या.

शिवम्माचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. घरात कानडी, दारात मराठी. बाप गावच्या मठात पेटी वाजवायचा. त्यानं पोरीला मांडीवर बसवून पेटी शिकवली. लग्न होऊन ती रेणापूरला आली, मडिवाळप्पाच्या पिठाच्या गिरणीत उभी राहिली आन् पट्ट्याच्या आवाजात गुणगुणायला लागली. मडिवाळप्पा लई गरीब माणूस. बायको बोलली की मान डोलवून हाव म्हणतो, न बोलली तरी हाव म्हणतो. गिरणीत हुकूम हिचाच. ज्याचा डबा आधी आला त्याचं दळण आधी, मग तो कोण का असेना. एकदा कुण्या पुढाऱ्याचा माणूस डबा घेऊन पुढं घुसला, तर हिनं त्याचा डबा उचलून शेवटाला नेऊन ठेवला, वर म्हणाली, ज्वारीला काय ठाऊक तू कुणाचा हायेस. तो तणतणत गेला आन् दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं रांगेत उभा राहिला.

पेटी काही चालता चालता वाजवता येत न्हाई. म्हणून तिनं लातूरला गंजगोलाईच्या बाजारातून एक जुना कीबोर्ड आणला. छोटा, सेलवर चालणारा. लेकीच्या फाटक्या दप्तराचे पट्टे त्याला शिवले आन् गळ्यात अडकवला. तेव्हापासून आमचं बायकांचं मंडळ चालत भजन करायला लागलं. बारसं, लग्न, नव्या घराची पूजा, श्रावणातला सोमवार, आन् मयत पण.

मयतीचं मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर हाय. लिंगायतात माणूस गेला की त्याला आडवा नेत न्हाईत. बसवतात, सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात ठेवतात, खांद्यावरून नेतात आन् पुढं भजन चालतं. तिथं रडण्यापेक्षा भजनाचा आवाज मोठा पाहिजे. शिवम्माचं म्हणणं, हे वाजवणं लग्नातल्या वाजवण्यापेक्षा जास्त जोखमीचं हाय, कारण ते परत एकदा वाजवून दाखवता येत न्हाई.

आता आमच्याकडची एक रीत. कीबोर्डाला सहा सेल लागतात. ज्याच्या घरी भजन, त्यानं मंडळाला नारळ द्यायचा आन् नव्या सेलचा पुडा द्यायचा. तो पुडा सगळ्यांदेखत फोडायचा, मगच वाजवायला सुरुवात. ही रीत कुठल्या पोथीतली न्हाई, कधी पडली कुणाला ठाऊक, पण पडली ती पडलीच. गावात आता 'भजन सुरू झालं का' असं कोणी विचारत न्हाई, 'पुडा फोडला का' म्हणतात. भजन झालं की ते सेल फेकून द्यायचे. निम्मा जीव शिल्लक असला तरी फेकायचे, कारण एका घरी वाजलेला सेल दुसऱ्या घरी चालत न्हाई. त्याला म्हणतात उष्टा सेल. माझ्या घरामागच्या ओढ्यात येऊन बघा, खडे कमी आन् उष्टे सेल जास्त सापडतील.

शिवम्माचा बाप गेला तेव्हा मी तिच्यासंगं गेले होते. बापाच्या विमानापुढं मीच वाजवणार, असं तिनं भावांना ठणकावून सांगितलं होतं. भावांनी रीतीप्रमाणं कोरा पुडा आणला, चारचौघांत फोडला, तिनं सेल बसवले. गावची वेस ओलांडली न ओलांडली, कीबोर्डाचा आवाज घसरायला लागला. आधी सूर बसला, मग घोगरा झाला, मग नुसती खरखर, आन् मग काहीच न्हाई. ती बोटं दाबायली आन् आवाज न्हाई. दुकानात तो पुडा किती उन्हाळे उन्हात पडून होता देव जाणे. तेवढ्यात मागून गडी माणसं टाळ घेऊन पुढं आली आन् तिला म्हणाली, सरका बाजूला, बायकांचं अर्ध्या वाटेवरच संपत असतं. तिला बांधावर उभं केलं आन् बापाचं विमान तिच्यासमोरून निघून गेलं. ती रडत होती, पण रडण्यापेक्षा संताप जास्त होता.

परत येताना एसटीत ती एकच शब्द बोलली, "बेडा." कानडीत बेडा म्हणजे नको. मला वाटलं, आता ही वाजवणं सोडते. पण तिला वाजवणं नको झालं नव्हतं. तिला पुडा नको झाला होता.

लातूरला जाऊन तिनं चार्जिंगचे सेल आणले आन् त्यांचा चार्जर. चार्जर लावला गिरणीत, मीटरच्या बाजूला. तिथं त्याच्यावर ज्वारीच्या पिठाचा थर बसतो, तो ती रोज पदरानं पुसते. भजनाच्या आदल्या दिवशी आठवणीनं सेल चार्जिंगला लावायचे, जशी आपण डाळ भिजत घालतो. सहाच्या सहा एकदम भरायचे, एकदम वापरायचे, दुसऱ्या कुठल्या सेलांत मिसळायचे न्हाईत. मिसळू नयेत म्हणून तिनं प्रत्येक सेलवर पांढऱ्या नेलपॉलिशनं तीन आडव्या रेघा ओढल्या, कपाळावर विभूतीच्या असतात तशा. मी चेष्टा केली, ह्यांना पण दीक्षा दिलीस का गं. तर म्हणाली, दिली, आता हे कुणाच्या बापाला भ्यायचे न्हाईत.

पहिल्या भजनाला माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिनं सेल बसवले आन् लगेच कीबोर्डाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा म्हणजे सेल संपत आल्याची खूण. मी म्हणलं, झालं, परत बापाच्या वेळेसारखं होणार. पण दिवा लुकलुकत राहिला आन् कीबोर्ड वाजत राहिला, पार आरतीपर्यंत. मग कळलं ते असं की ह्या सेलांचा जोर नव्या सेलपेक्षा पहिल्यापासूनच जरा कमी असतो, म्हणून दिवा फसतो. पण जेवढा जोर असतो तेवढा बराच वेळ टिकून राहतो. शिवम्मा म्हणते, दिव्याला डोळा मारायची सवय हाय, आपण लक्ष द्यायचं न्हाई.

दिव्याचं निभावलं, माणसांचं निभेना. लोकांनी पुढं केलेला पुडा ती हात जोडून परत करायची आन् लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. नारळ घेता, मग पुडा कामून घेत न्हाई, आमच्या घरचं चालत न्हाई का. कोणी म्हणलं, काल मयतीला वाजलं तेच आज आमच्या लेकराच्या बारशाला आणलं. एक-दोन घरांनी बोलावणं बंद केलं. मंडळातल्या बायका कुजबुजायला लागल्या. शिवम्मानं मात्र सेल बदलले न्हाईत.

आता महादेवप्पा. लातूरच्या आडत बाजारात तुरीचा मोठा व्यापार, राहणं रेणापुरात, आन् बसवजयंतीच्या मिरवणुकीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. माणूस वाईट न्हाई, पण एकदा बोलले की पंचायत बसली तरी शब्द मागं घ्यायचे न्हाईत. त्यांची आई माघात गेली. म्हातारीची इच्छा होती की समाधी आपल्याच मळ्यात द्यावी. मळा लांब, वाट बांधाबांधानं. गड्यांच्या मंडळाचा भोंगा आन् जनरेटर गाडीवर, आन् ती गाडी पहिल्याच नाल्यात रुतली. मग विमानापुढं उरलं कोण? आमच्या बायका आन् शिवम्माचा कीबोर्ड. त्या गडबडीत पुड्याची आठवण कोणाला झाली न्हाई. हरभऱ्याच्या रानातून आम्ही निघालो. लाल दिवा डोळा मारत होता आन् ती वाजवत होती. समाधीवर शेवटची माती पडेपर्यंत एक सूर तुटला न्हाई. महादेवप्पा लेकरासारखे रडले. निघताना त्यांनी शिवम्माला हात जोडले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आन् हेच महादेवप्पा वैशाखात काय बोलले ते ऐका.

बसवजयंतीच्या मिरवणुकीत पालखीपुढं बायकांचं मंडळ आमच्याकडं कधी चाललं न्हाई. गडी पुढं वाजवणार, बायका डोक्यावर कळस घेऊन मागं. औंदा शिवम्मानं मागणी केली आन् मठातल्या बैठकीत ती मान्य पण झाली. तिचा आनंद काय सांगू. माझ्या कानात म्हणाली, बापाची आवडती चाल पालखीपुढं वाजवते, त्या दिवशी बांधावर राहिलं ते पुरं करते. आम्ही तिथंच साड्यांचा रंग ठरवायला लागलो. तेवढ्यात उठता उठता महादेवप्पा म्हणाले, सेल मात्र नवे पाहिजेत. मयतीला वाजलेले उष्टे सेल पालखीपुढं चालायचे न्हाईत. पुडा मी स्वतः देतो, पालखीसमोर फोडू. मंजूर नसेल तर बायकांनी मागं चालावं.

शिवम्मानं डोक्यावरचा पदर सावरला आन् शांतपणे विचारलं, "अप्पा, आपल्या गळ्यात लिंग हाय न्हवं? मग आपल्याला सुतक कुठून आलं?"

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला न्हाई. आमच्या घरात माणूस गेलं की दहा दिवस देवाला हात लावत न्हाईत, त्यामुळं मला सुतक म्हणजे असायचंच असं वाटायचं. नंतर तिनं समजावून सांगितलं. लिंगायतात गळ्यात लिंग बांधलं की ना मयतीचं सुतक, ना बाळंतपणाचं, ना विटाळाचं, ना उष्ट्याचं. ही त्यांची मूळ शिकवण, आन् ज्यांची जयंती करायलेत त्यांचीच शिकवण. महादेवप्पांना हे ठाऊक न्हाई असं थोडंच हाय. ठाऊक होतं म्हणून तर त्यांचा चेहरा लाल झाला. मला धर्म शिकवू नको, म्हणाले, गावाची रीत ती रीत. आन् चपला घालून निघून गेले.

मी तिथंच त्यांच्या आईचं नाव काढणार होते. ओठावर आलं होतं. शिवम्मानं मला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. बाहेर आल्यावर म्हणाली, मयतीला केलेलं बोलून दाखवायचं नसतं. मी म्हणलं, मग काय त्यांनी बोललेलं नुसतं ऐकून घ्यायचं? ती पदर खोचून गिरणीकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मंडळ गिरणीत जमलं. मंडळातली पुनम म्हणाली, घे की बाई नवे सेल, एका दिवसाचा तर प्रश्न हाय, एवढी वाट बघून पालखीपुढची जागा मिळाली ती कशाला घालवायची. सगळ्यांनी माना हलवल्या. मला पण ते पटलं, आन् मी तर त्याच्या पुढची युक्ती काढली. पुडा फोडू द्यायचा, नवे सेल सगळ्यांना दिसतील असे घ्यायचे, आन् मागं फिरून आपलेच बसवायचे. झाकण उघडून कोण बघायलंय?

शिवम्मा माझ्यावर अशी भडकली की दळणाला आलेली एक बाई डबा तिथंच टाकून बाहेर गेली.

"चोरून वाजवायचं असतं तर घरात दार लावून वाजवलं असतं, उमाक्का," ती म्हणाली. "ह्या सेलांना एकदा उष्टं म्हणलं, की आपण मयतीला वाजवलेलं सगळं उष्टं झालं. मला ते चालायचं न्हाई."

बायका एकेक करून उठल्या. कोणाला लेकराचा डबा आठवला, पुनमला चुलीवरचं दूध आठवलं. मडिवाळप्पा कोपऱ्यात जाळी साफ करत होता, त्यानं नुसतं हाव म्हणलं. मला वाटलं, सवयीनं म्हणला. पण सगळ्या गेल्यावर त्यानं गिरणी बंद केली आन् चार्जरवरचं पीठ स्वतःच्या हातानं पुसलं. शिवम्माचं लग्न झाल्यापासून त्या माणसाचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं.

जयंतीच्या दिवशी ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मठापुढं पालखी सजली, गड्यांचं मंडळ टाळ घेऊन तयार. शिवम्मा कीबोर्ड गळ्यात अडकवून आली आन् सरळ पालखीपुढं जाऊन उभी राहिली. मी तिच्या डाव्या अंगाला. पुनम आन् बाकीच्या कळसवाल्यांत जाऊन मिसळल्या होत्या, आमच्याकडं बघत पण नव्हत्या. मला त्यांचा राग आला. आज ही मागं फिरली तर बायकांना ही जागा परत कधी मिळायची न्हाई, हे मला दिसत होतं. आन् गडी म्हणणार, बघा, अर्ध्या वाटेवरच संपलं.

महादेवप्पा पुडा घेऊन आले. सगळ्यांना दिसेल असा हात वर करून त्यांनी तो फोडला, सहा सेल मुठीत घेतले आन् शिवम्मापुढं धरले. म्हणाले, हे बसव आन् ते उष्टे तिकडं नालीत टाक.

शिवम्मानं कीबोर्ड उलटा केला आन् मागचं झाकण काढलं. मला वाटलं, हारली. तिनं एकेक सेल काढला, पदराला पुसला, आन् सहाच्या सहा महादेवप्पांच्या दुसऱ्या, रिकाम्या हातावर ठेवले.

"माझ्यानं टाकवत न्हाईत, अप्पा. तुम्ही टाका," ती म्हणाली. "तुमच्या अव्वाला मळ्यापर्यंत ह्यांनीच सोबत केली. शेवटची माती पडली तेव्हा हेच वाजत होते."

अव्वा म्हणजे आई. महादेवप्पा आईला त्याच नावानं हाक मारायचे, सगळ्या गावाला ठाऊक. जे बोलून दाखवायचं न्हाई म्हणून मला चिमटा काढला होता, ते तिनं भर रस्त्यात बोलून दाखवलं, आन् आवाज जरा पण चढवला न्हाई. टाळवाल्यांनी टाळ खाली घेतले. महादेवप्पा हातावरच्या सेलांकडं बघत उभे राहिले. तीन पांढऱ्या रेघा, प्रत्येकावर. नाली पुढ्यातच होती. पण त्यांचा पाय उचलेना.

मग त्यांनी मुठीतले नवे सेल माझ्या हातात कोंबले आन् दुसरा हात कपाळाला लावला, सेलांसकट. मठात प्रसाद हातावर पडला की तो हात आपोआप वर जातो, तसा गेला. त्यांचं त्यांना तरी कळलं का न्हाई, मला शंका हाय. पण आम्ही सगळ्यांनी बघितलं. कपाळाला लावलेल्या वस्तूला मग कोणत्या तोंडानं उष्टं म्हणणार? त्यांनी माफी मागितली न्हाई, ते त्यांच्या जिभेला झेपलं नसतं. खाली वाकून स्वतः एकेक सेल कीबोर्डात बसवला आन् झाकण लावलं.

शिवम्मानं बटन दाबलं. काहीच न्हाई. लाल दिवा पण न्हाई. टाळवाल्यांतला एकजण खुदकन हसला आन् म्हणाला, संपलं जणू.

शिवम्मानं झाकण उघडून बघितलं. "एक उलटा बसलाय, अप्पा," ती म्हणाली.

महादेवप्पांनी तो काढला, सरळ केला, परत बसवला. दिवा लुकलुकला. शिवम्मानं कोणाची परवानगी विचारली न्हाई, बापाची चाल धरली आन् चालायला लागली. पालखी मागून आली, गडी पालखीच्या मागून आले. चौक यायच्या आत पुनम घाम पुसत आमच्यात येऊन गायला लागली, तिच्यामागं बाकीच्या. मी पुनमला म्हणलं, दूध तापलं का गं तुझं. ती लाजली, पण आवाज मोठा काढला. बाजारपेठेतून वळसा घालून परत मठापर्यंत दिवा डोळा मारत होता आन् एक सूर तुटला न्हाई. शिवम्मा वाजवता वाजवता रडत होती. ह्यावेळी तिला कोणी सरक म्हणलं न्हाई.

महादेवप्पांचे ते नवे सेल माझ्याकडंच राहिले. त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळाला घातला, तर महिन्याच्या आत घड्याळ मागं पडायला लागलं.

त्या दिवशी मिरवणूक झाल्यावर आम्ही दोघी गिरणीत टेकलो. ती ते सहा सेल चार्जरमध्ये लावायली होती, उद्या एका घरी बारसं होतं. माझ्या मनात दिवसभर एकच गोष्ट घोळत होती, ती मी विचारली. अप्पांनी खरंच सेल नालीत फेकले असते, तर?

"मी नालीत उतरले असते," शिवम्मा म्हणाली. "काढले असते, पुसले असते, बसवले असते. आन् पालखीपुढंच वाजवलं असतं."